रॉक बँडचा कलेक्टर्स एडिशन बॉक्स करताना या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवा डिझायनर लॅपटॉप उघडून मला एक बॉक्स दाखवतो. काळं झाकण, त्यावर सोनेरी फॉइल, आतून डोकावणाऱ्या दोन एलपी, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकड्या. मी विचारते, "डमी कुठे आहे?" डमी, म्हणजे खऱ्या मापाचा हाताने केलेला नमुना, नसते. बँडने स्क्रीनवरचा मॉकअप बघून होकार दिलेला असतो, प्री-ऑर्डरचे पैसे जमा झालेले असतात आणि बाइंडरला पुठ्ठ्याचं माप अजून कळवायचं असतं. आधी कळस, मग पाया. चौदा वर्षं मी हे काम करते आहे आणि इतकी वर्षं हीच चूक बघते आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहिते.

रिकाम्या कव्हरवर माप घेणं

डमी न करणं ही चूक आहेच, पण रिकामी डमी करणं ही त्याहून फसवी चूक. ती मी स्वतः केली आहे.

पुण्यातल्या एका मेटल बँडच्या पहिल्या अल्बमला दहा वर्षं झाली होती. ३०० बॉक्स करायचे ठरले. पुस्तकासारखं उघडणाऱ्या गेटफोल्ड कव्हरमध्ये दोन एलपी, ४८ पानांची पुस्तिका, घडी घातलेलं पोस्टर आणि हाताने लिहिलेल्या गाण्यांच्या कागदाची प्रत. तबकड्या परदेशातून यायच्या होत्या, त्यांना वेळ होता. मी छापून आलेली कोरी कव्हरं एकावर एक ठेवली, स्केल लावली आणि माप लिहून दिलं. कव्हर ३१५ मिलिमीटर, म्हणून बॉक्स आतून ३१६. पुरेल असं वाटलं. आतल्या बाजूने कागद चिकटवला की दोन्हीकडून थोडी थोडी जागा जाते, हे मला माहीत होतं आणि तरी मी ते धरलं नाही.

तबकड्या आल्या. भरलेलं कव्हर फुगतं. पुस्तिकेचंही तेच: ताज्या घडीची, पिन मारलेली पुस्तिका पाठीकडे फुगलेलीच असते, ती दाबाखाली चार दिवस ठेवल्याशिवाय खरी जाडी कळत नाही. सगळं बॉक्समध्ये गेलं, झाकणही बसलं, आणि मग ते बाहेर येईना. बोट घालायला कुठे फटच नव्हती. ड्रमरने बॉक्स उलटा करून हलक्या हाताने आपटला. कव्हर आलं, पण त्याच्या आधी एक तबकडी कव्हरची वरची शिवण फाडून बाहेर आली. त्या खोलीत कुणीच काही बोललं नाही. आपला पहिला अल्बम एलपीवर बघायला ती मुलं दहा वर्षं थांबली होती.

उपाय करायला चार दिवस लागले. बाइंडरच्या दुकानात बसून आम्ही ३०० बॉक्सच्या तळाचा कागद एका कडेने उचलला, खाली काळी रिबन चिकटवली, कागद परत बसवला. रिबन ओढली की कव्हर वर येतं. बॉक्स वाचले, पण कोपऱ्यांना घट्टपणा राहिलाच आणि मला तो आजही दिसतो.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. कागद चिकटवून झाल्यावर आतून ३१९ मिलिमीटर उरले पाहिजेत, म्हणजे कव्हरपेक्षा चार जास्त. बॉक्सच्या खोलीचं माप भरलेल्या सामानाचं घ्यायचं. खऱ्या तबकड्या आल्या नसतील तर रद्दीच्या दुकानातून त्याच वजनाच्या जुन्या एलपी आणायच्या. १४० ग्रॅमची तबकडी आणि १८० ग्रॅमची तबकडी यांत फरक पडतो, दोन-तीन तबकड्या असतील तर चांगलाच पडतो. रिबन नको असेल तर बॉक्सच्या दोन बाजूंना अंगठा जाईल एवढी अर्धगोल खाच. आणि डमी मी स्वतः उघडत नाही. ज्याने ती कधी पाहिलेली नाही अशा माणसाच्या हातात देते आणि काहीही न सांगता बघत बसते. माझ्या आईने आजवर तीन बॉक्स नापास केले आहेत.

ही चूक मोठमोठ्यांनाही सुटलेली नाही. पब्लिक इमेज लिमिटेड या ब्रिटिश बँडचा 'मेटल बॉक्स' १९७९ साली आला. फिल्मच्या रिळाच्या डब्यासारखा गोल पत्र्याचा डबा, त्यात मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाच्या तीन तबकड्या, मध्ये नुसते गोल कागद. कल्पना अजून अंगावर काटा आणते, पण तबकडी चरा न पडता बाहेर काढणं हे दिव्यच होतं. १९८० मध्ये तोच अल्बम साध्या कव्हरमध्ये 'सेकंड एडिशन' म्हणून आला. त्याआधी, १९६८ मध्ये, स्मॉल फेसेसने 'ऑग्डेन्स नट गॉन फ्लेक' तंबाखूच्या डबीसारख्या गोल कव्हरात काढला होता. ते कव्हर दुकानातल्या फळीवर उभं राहीना, गडगडत जाई.

उंचवटा तबकडीवर येऊ देणं

रोलिंग स्टोन्सचा 'स्टिकी फिंगर्स', १९७१. कल्पना अँडी वॉरहॉलची: जीन्सचा फोटो आणि त्याला खरीखुरी चालणारी चेन. गठ्ठे एकावर एक रचून माल निघाला, चेनची खिटी वरच्या कव्हरमधल्या तबकडीत रुतली आणि खाचा खराब झाल्या. तोड अगदी साधी निघाली. कव्हर तयार करणाऱ्या क्रेग ब्रॉन यांनी पॅकिंग करतानाच चेन अर्धी खाली ओढून ठेवायला लावली. मग दाब आला तरी तो मधल्या लेबलवर येतो, गाण्यांच्या खाचांवर नाही.

मला ही तोड फार आवडते, कारण तिच्यात डिझाइन बदललेलं नाही, दाब कुठे पडतो ते ओळखलं आहे. आपल्याकडे चेन नसते, पण पोस्टर असतं. दोन फुटी पोस्टरला आडवी-उभी घडी घातली की दोन घड्या जिथे छेदतात तिथे गाठ तयार होते. धातूचा बिल्ला, गिटारचा पिक, मेणाचा शिक्का, जाड एम्बॉसिंग, सगळं याच जातीचं. या वस्तूंना वेगळा कप्पा द्या आणि तो तबकडीच्या वर किंवा खाली नको, बाजूला हवा. बॉक्स थोडा लांब होईल, होऊ द्या.

स्वस्त पारदर्शक पीव्हीसी

यावर मी वाद घालत नाही, सरळ काम सोडते. तबकडीला लागून पीव्हीसीचं पाकीट वापरायचं नाही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लास्टिसायझर घालतात ते काही वर्षांत बाहेर झिरपतं आणि तबकडीवर धुक्यासारखा थर धरतो. वाजवलं की सतत सूंऽऽ असा आवाज. धुऊन तो सहसा जात नाही. जुन्या एलपी जमवणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्याकडे अशी एक तरी तबकडी निघेल. आत पॉलिथिनचं पाकीट किंवा पॉलिथिनचं अस्तर असलेलं कागदी पाकीट, बाहेर पॉलिप्रॉपिलीन. नगामागे काही रुपयांचा फरक आहे. ज्या माणसाने दोन हजार रुपये देऊन बॉक्स घेतला त्याला आपण एवढं देणं लागतो.

स्पंज किंवा फोमच्या खाचेबद्दलही माझं हेच मत आहे. पॉलियुरेथेनचा फोम काही वर्षांनी पिवळा पडतो, चिकट होतो, भुगा होतो. पुठ्ठ्याचा ट्रे करा.

पावसाळ्यात पुठ्ठा वाकणं

जुलैत झाकण वाकडं होऊन आलं की बाइंडरला शिव्या मिळतात. बहुतेक वेळा दोष आपल्या मापांच्या कागदात असतो. दोन मिलिमीटरच्या ग्रे बोर्डवर एकाच बाजूने छापील कागद चिकटवला तर खळ लागल्यावर कागद आधी ओला होऊन पसरतो, मग सुकताना आकसतो आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतो. म्हणून आतूनही कागद हवा, साधारण त्याच वजनाचा. दोन्ही कागदांच्या आणि बोर्डाच्या तंतूंची दिशा एक हवी. दिशा कळत नसेल तर तुकडा फाडून बघा: जिकडे सरळ फाटतो तिकडे तंतू. चिकटवलेले भाग एक दिवस वजनाखाली ठेवायचे. ज्यांना "उद्या सकाळी द्या" असं म्हणायची सवय आहे, त्यांनी पावसाळ्यात हे काम घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणखी काही, थोडक्यात

काळा बॉक्स हवा असेल तर पांढऱ्या कागदावर काळं छापू नका, कडांना पांढरं फुटतं. आतून-बाहेरून काळाच असलेला रंगीत कागद घ्या. मॅट लॅमिनेशन करणारच असाल तर चरे न पडणारं मागा, साध्या मॅटवर नखाचीसुद्धा रेघ उठते.

बारीक अक्षरं चार रंगांच्या शाया एकावर एक छापून केलेल्या काळ्यात ठेवू नका, फक्त काळ्या शाईत ठेवा.

बॉक्सचे अनुक्रमांक हाताने लिहायचे असतील तर लॅमिनेशन नसलेली जागा सोडा, नाहीतर पेनाची शाई पुसली जाते.

लुकलुकणारे दिवे आणि बॅटऱ्या: पिंक फ्लॉइडच्या 'पल्स' या अल्बमच्या कव्हरच्या कण्यावर १९९५ मध्ये लाल दिवा होता. दिवा लावायचाच असेल तर बॅटरी बॉक्स न फाडता काढता आली पाहिजे. कधीतरी ती गळणारच.

श्रिंक रॅप घट्ट मारू नका. उन्हात गाडी उभी राहिली की फिल्म आणखी आवळते, कव्हरचे कोपरे दबतात आणि तबकडी वाकते.

बाहेरचं खोकं पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचं, चारी बाजूंनी दोन बोटं मोकळी जागा सोडून, त्यात कागद ठासून. भरलेलं खोकं टेबलाच्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडून बघा. मी प्रत्येक कामात एक बॉक्स यासाठीच धरते.

आणि ३०० चे ३०० च करू नका. १५-२० बॉक्स बिनअंकी ठेवा. ज्याच्या घरी कोपरा चेपलेला बॉक्स पोचेल त्याला त्याचाच अंक घालून नवा पाठवता येतो, जुना परत मागवून नष्ट करायचा. आमच्या त्या रिबनवाल्या कामात जादा बॉक्स नव्हते. कोल्हापूरच्या एका मुलाला १४७ नंबरचा चेपलेला बॉक्स ठेवून घ्यावा लागला.