भात आणायला निघण्याआधी ट्रॉलीची हवा बघा

शेतकरी बंधूंनो, मुरबाड-शहापूर पट्ट्यात हळवे, म्हणजे लवकर पिकणारे भात कापणीला आले आहे आणि दुपार कलली की आभाळ गडगडू लागते. विळ्याला धार लावाल त्याच दिवशी ट्रॉलीच्या चाकांतली हवा मोजा. स्टेपनीचीसुद्धा.

दरवर्षी तेच बघतो. ट्रॉली आषाढापासून गोठ्यामागे एकाच जागी चिखलात उभी. कापणीला ट्रॅक्टर जोडायचा, भारे चढवायचे की निघाले. मागच्या हंगामात सरळगावजवळ अशीच एक ट्रॉली बसली. स्टेपनी होती, पण तीही बसलेली. जॅक लावला तो रस्त्याकडेच्या मऊ मातीत रुतत गेला. तेवढ्यात सर आली आणि भारे भिजले. चार दिवसांनी उडवी, म्हणजे रचलेल्या भाऱ्यांचा ढीग, उपसली तर लोंबीतच पांढरे मोड! वर्षभराचा तांदूळ हवेपायी गेला.

हवा कमी असली की टायरची बगल, म्हणजे बाजूची भिंत, प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि आतले थर सुटतात. वरची नक्षी मात्र चांगली दिसते, म्हणून कोणी वाकून बघत नाही. टायर थंड असतानाच हवा मोजायचे गेज लावा. दाब कंपनीच्या तक्त्यात तुमच्या वजनाला दिलेला असेल तोच ठेवा. माझी सवय अशी, की भरलेली ट्रॉली दोन-तीन किलोमीटर गेली की उतरून प्रत्येक टायरला हात लावायचा. एकच जास्त गरम लागला, तर त्यात हवा कमी आहे असे समजतो.

दुकानदार टायरमध्ये हवेऐवजी भरायला नायट्रोजन गळ्यात मारतील. साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो. तो पैसा गेजला घाला. बगलेला चीर गेली असेल तर मात्र टायर बदलाच, आणि नवा घेताना बगलेवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गोदामात वर्षानुवर्षे पडलेला माल नव्या भावात घेऊ नका.

सोबत ठेवा:
- हवा भरलेली स्टेपनी
- जॅक, पाना, पान्यावर चढवायला पाइप
- जॅकखाली जाड फळी
- चाकांना लावायला दोन ठोकळे
- बॅटरी, लाल त्रिकोण

वाटेत बसलीच तर आधी ठोकळे लावा. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करा, मग जॅक. भरल्या ट्रॉलीखाली कोणी शिरू नये. नट समोरासमोरचे आवळा, थोडे अंतर गेल्यावर पुन्हा आवळा.

आज संध्याकाळी व्हॉल्वला थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर व्हॉल्वच्या आतली पिन बदलून घ्या, उद्या आभाळ कसे असेल सांगता येत नाही.