क्रोशाचे नक्षीवाले मिटन्स विणताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलेय

भाचीला कॅनडात कॅलगरीला पाठवायची म्हणून मिटन्सची, म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र राहतात त्या हातमोज्यांची, पहिली जोडी विणली तेव्हा माझं सगळं लक्ष नक्षीवर होतं. गडद निळ्यावर पांढरी आठ पाकळ्यांची चांदणी, घरी येणारा प्रत्येकजण हातात घेऊन बघायचा. जानेवारीत तिचा फोन आला, "मावशी, दिसतात कसले भारी, पण बसस्टॉपवर उभं राहिलं ना की वारा आरपार जातो गं, मी आतून दुकानातले पातळ ग्लव्हज घालते." तिकडे तेव्हा उणे २५ होतं आणि मी इकडे नाशिकला गच्चीत उन्हाला बसून विणलेलं, मला काय कळणार.

चूक साधी होती, मी खांबांनी, म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्यांनी विणलं होतं. खांब पटापट वाढतो, दोन दिवसांत हात पुरा होतो, पण दोन खांबांच्या मध्ये फट राहतेच आणि ओढणीला, रुमालाला जी फट छान दिसते तीच इथे नडते. मिटनसाठी मुका खांब, म्हणजे बुटका टाकाच घ्या आणि लोकरीच्या लेबलवर जी सुई लिहिलीय त्याच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक घ्या. मी ४ ची सोडून ३.५ ची वापरते. चार बोटं उंचीचं विणून झालं की तुकडा ट्यूबलाइटसमोर धरून बघा, उजेड ठिपक्याठिपक्यांनी दिसला तर वाराही जाणारच. आणि विणून झाल्यावर लक्षात आलं असेल तर उसवत बसू नका, आतून फ्लीसचं अस्तर हाताने टाचून टाका.

लोकरीबद्दल फार बोलत नाही. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, स्वस्त असते, रंग भरपूर, धुवायला सोपी, पण खऱ्या थंडीत आणि बर्फाने ओलं झाल्यावर खरी लोकरच उबदार राहते. बर्फाच्या देशात पाठवणार असाल तर लेबलवर वूल किंवा मेरिनो किती टक्के आहे ते वाचा. महाबळेश्वरच्या ट्रिपसाठी ॲक्रिलिक चालतंय. आणि एकाच रंगाचे दोन गोळे घेताना दोन्हीवरचा डाय लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) एकच आहे ना बघा, दुकानात सारखे दिसणारे रंग उन्हात वेगळे दिसतात.

आता नव्याने शिकणाऱ्या सगळ्याच जिथे अडकतात ते. पॅटर्न अमेरिकेचा आहे का इंग्लंडचा हे आधी बघायचं! अमेरिकन पॅटर्नमधलं सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, पण त्यालाच इंग्लंडवाले डबल क्रोशे म्हणतात आणि अमेरिकेत डबल क्रोशे म्हणजे आपला पूर्ण खांब. माझ्या एका मैत्रिणीने इंग्लंडचा पॅटर्न अमेरिकन समजून अख्खा विणला, तर बोटांच्या वर अजून एक बोटभर पिशवी लोंबत होती. पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द दिसला की तो अमेरिकन, एवढी एक खूण पुरते.

टाके मोजायला आधी नमुन्याचा छोटा तुकडा विणायचा कंटाळा मलाही येतो, पण हिशोब बघा. तळहाताचा घेर अंगठा सोडून १९ सेंमी आणि १० सेंमीत २० टाके बसत असतील तर ३८ टाके लागतात. तुमचा हात सैल असेल आणि १० सेंमीत १७च बसत असतील तर तेच ३८ टाके २२ सेंमीच्या वर जातात, म्हणजे मिटन हातातून गळून पडणार. नमुना पण गोलातच विणा. सपाट तुकड्यात आपण दर ओळीला उलटतो, गोलात नेहमी बाहेरच्याच बाजूने विणतो, त्यामुळे दोन्हींचं माप एकसारखं येत नाही.

नक्षी कुठून उचलायची ह्यातही मी फसलेय. ही चांदणी मुळात मला नॉर्वेतल्या सेलबूच्या हातमोज्यांवर दिसली, तिला सेलबूरोस म्हणतात, १८५७ साली मारित एमस्टाड नावाच्या मुलीपासून तिकडे ते हातमोजे सुरू झाले असं सांगतात. पण ते सुयांवरचं विणकाम आहे, क्रोशा नाही. त्यांच्या बारीक लोकरीत हाताच्या घेरात सहज पन्नास-साठ टाके बसतात आणि फेऱ्या तर त्याहून दाट, तो चार्ट जसाच्या तसा क्रोशाने काढायला गेलं की मिटन कोपरापर्यंत येतो. मुका खांब जवळजवळ चौकोनी असतो, म्हणून आपल्याला चौकटीच्या कागदावरच्या नक्ष्या बऱ्या. माझ्या आईच्या मॅटीवरच्या भरतकामाच्या जुन्या वहीत मोर, कमळं, वेलबुट्ट्या सगळं चौकटीत काढलेलं आहे, ते थेट उतरतं. फक्त रुंदी मोजून घ्या. ३८ टाक्यांच्या मिटनला हाताची मागची बाजू १९ टाक्यांची, त्यात १७ची नक्षी बसते, दोन्हीकडे एकेक टाका मोकळा. आणि वरती बोटांकडे टाके कमी करायला लागतो ती जागा नक्षी संपल्यावरच यायला हवी, नाहीतर चांदणीची वरची पाकळी छाटली जाते.

चांदणी तिरकी का होते

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. उसवून पुन्हा विणलं तरी तिरकीच येते कारण तुमचं मोजायला चुकलेलं नसतं. उजव्या हाताने गोलात विणताना मुक्या खांबाचा वरचा वेढा खालच्या दांड्याच्या थोडा उजवीकडे बसतो, पुढच्या फेरीचा टाका त्या वेढ्यात, म्हणजे तो अजून उजवीकडे, असं करत वीस-पंचवीस फेऱ्यांत सरळ रेघ चांगलीच कलते. यावर दोन उपाय आहेत. एक, टाक्यात सुई घातल्यावर दोरा सुईवर न घेता सुई दोऱ्याच्या वरून नेऊन दोरा पकडायचा आणि ओढून काढायचा, पुढचा भाग नेहमीसारखाच. टाका फुलीसारखा दिसतो, घट्ट येतो आणि कल बराच कमी होतो. पहिल्या दोन फेऱ्या हात वैतागतो मग सवय होते. दुसरा उपाय म्हणजे वरच्या वेढ्यात न विणता खालच्या टाक्याच्या इंग्रजी व्हीसारख्या दोन पायांच्या मधोमध सुई घालायची. हे अगदी सुयांवर विणल्यासारखं दिसतं, रेघा सरळ येतात, पण कापड इतकं दाट होतं की सुई एक नंबर मोठी घ्यावी लागते आणि ज्यांच्या हाताला आधीच घट्ट विणायची सवय आहे त्यांनी ह्याच्या नादी लागू नये, मनगट दुखतं.

रंग बदलताना कडा फाटल्यासारख्या दिसतात त्याचं कारण एकच, नवा रंग उशिरा घेतलेला असतो. आधीच्या टाक्याचा शेवटचा वेढा ओढायच्या वेळीच नवा रंग सुईवर घ्यायचा. पांढरा टाका ५ वा असेल तर पांढरा दोरा ४ थ्या टाक्याच्या शेवटी यायला हवा.

जो रंग वापरात नाही तो टाक्यांच्या आत दाबत न्यायचा, आतल्या बाजूने लांब दोरे सोडायचे नाहीत, त्यात बोटं अडकतात आणि लहान मुलं तर ओढून ओढून सगळं आकसवून टाकतात. तळहाताच्या बाजूला नक्षी नसली तरी दुसरा दोरा आतून न्याच, जाडी सगळीकडे सारखी येते आणि ऊबही वाढते. इथे माझी दुसरी जोडी वाया गेली. आतला दोरा मी ताणून धरला होता, दिसायला एकदम नीटनेटकं, पण चांदणीपाशी मिटन असा आवळला की बोटं तिथून पुढे जाईनात. दर फेरी संपली की विणलेलं दोन्ही हातांनी आडवं ताणायचं, आतला दोरा आपोआप सैल होऊन बसतो. निळा पांढऱ्यातून डोकावतो म्हणून काहीजणी रडतात, थोडा डोकावणारच, फार खटकत असेल तर पांढऱ्याऐवजी राखाडी घ्या.

आणि दोन्ही मिटन डाव्याच हाताचे करायचे नसतील तर हे कागदावर लिहून ठेवा. मनगटाकडून वर, बाहेरची बाजू आपल्याकडे ठेवून, उजव्या हाताने विणत असाल आणि फेरीचे पहिले १९ टाके नक्षीचे, पुढचे १९ तळहाताचे असतील तर उजव्या मिटनला अंगठ्याचं भोक २१ ते २८ टाक्यांवर आणि डाव्याला ३० ते ३७ वर. तेवढे ८ टाके सोडून ८ साखळ्या घालायच्या. नंतर अंगठा विणताना दोन्ही कोपऱ्यांत हमखास भोक पडतं, तिथे प्रत्येकी एक-दोन जादा टाके उचला आणि पुढच्याच फेरीत ते जोडून कमी करा. मी आधी ती भोकं शेवटी सुईदोऱ्याने शिवायचे, ते गाठीसारखं टोचतं.

मनगटाची पट्टी आडवी विणा, टाक्याच्या फक्त मागच्या वेढ्यात मुके खांब, मग ती रबरासारखी ताणते. साखळी घालून सरळ वर विणत गेलात तर घट्ट होते आणि मूठ आत जात नाही. सहा-सात सेंमी पट्टी हवी, जॅकेटच्या बाहीखाली जायला.

वरून क्रोशाचं फूल किंवा पान शिवणार असाल तर मिटनमध्ये आधी काहीतरी सपाट घाला. मी उलथणं घालते. न घालता शिवलं की पुढची बाजू मागच्या बाजूला शिवली जाते, आणि ते कळतं कधी तर सगळे टोकाचे दोरे कापून झाल्यावर.

शेवटी धुणं. लाल-पांढरं एकत्र असेल तर विणायच्या आधीच लाल लोकरीचा तुकडा पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर पिळून बघा. खऱ्या लोकरीचे मिटन मशीनमध्ये गरम पाण्यात टाकले तर बाहुलीच्या मापाचे होऊन निघतात, गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवे सुकवा. आणि ॲक्रिलिकला इस्त्री टेकवू नका, मी तिसऱ्या जोडीला "जरा सपाट दिसू दे" म्हणून टेकवली, चांदणी चकचकीत होऊन लुळी पडली, ती आता आमच्याकडे गरम कुकर उचलायला वापरतात.