गावातून महायुद्धावर गेलेल्यांची नावे कशी शोधावीत

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील काही गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर एक संगमरवरी फरशी दिसते. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर तीवर असतो; नावे नसतात. सातारा तालुक्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले हे सर्वश्रुत आहे, परंतु आपल्या गावच्या आकड्यामागची माणसे आपल्यालाच शोधावी लागतात.

प्रथम फरशीचे छायाचित्र घ्यावे. अक्षरांवर चुना बसला असल्यास तो खरवडू नये. त्यानंतर महायुद्धांत कामी आलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) संकेतस्थळावरील विनामूल्य नोंदी पाहाव्यात. येथे आडनावाने शोध घेणारा हमखास निराश होतो, कारण अनेक नोंदींत शिपायाचे नाव, बापाचे नाव आणि गाव एवढेच असते, आणि गावाचे इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे असते. म्हणून गावाची चार-पाच संभाव्य रूपे लिहून प्रत्येकाने शोध घ्यावा. सांगलीकरांनी विशेष ध्यानात ठेवावे की वाळवा, शिराळा, तासगाव आणि खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते; दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले.

घरात ‘बसऱ्याला गेला’, म्हणजे आजच्या इराकमधील आघाडीवर गेला, एवढीच आठवण उरली असेल, तर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींपासून आरंभ करावा. या पलटणी तेथील कुट-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली. बसरा स्मारकावर हिंदी शिपायांची नावे कोरलेली नाहीत, पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या आहे. नावे आयोगाच्या नोंदवहीत सापडतात. नोंदीत ‘सॅपर्स अँड मायनर्स’ असे आढळल्यास पूर्वज खाणीत कामाला होता असे समजू नये. ते बहुधा खडकीच्या पलटणीतील सुरुंग लावणारे आणि पूल बांधणारे सैनिक होत.

घरातील पदक मिळाले तर ते चिंचेने घासून लख्ख करण्याचा मोह आवरावा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि घासण्याने प्रथम तीच अक्षरे जातात.

खरी माहिती मात्र माजघरात मिळते, आणि तिकडे शोधणारे सर्वांत शेवटी वळतात. वयोवृद्ध स्त्रियांना लढाईविषयी विचारू नये. मनिऑर्डर कोणाच्या हाती पडत असे, पत्र कोण वाचून दाखवी, गडी माणूस नसताना नांगर कोणी धरला, पेन्शनसाठी अंगठा उठवायला कोठे जावे लागे, हे विचारावे. सासूकडून ऐकलेली हकीकत सांगताना त्यांच्याकडून काळाचा गोंधळ होईल, तेव्हा मध्येच दुरुस्ती न करता सांगणारीचे नाते आणि सांगितल्याची तारीख लिहून ठेवावी, आणि दोन घरांच्या हकीकती जुळत नसल्यास दोन्ही तशाच ठेवाव्यात.

यादी ग्रामसभेत वाचण्यापूर्वी प्रत्येक नाव त्या त्या घरी दाखवावे. जेथे माणूस केवळ बेपत्ता झाल्याचे सांगितले जाते, तेथे नोंदीत सापडलेली मृत्यूची तारीख प्रथम त्या घरच्यांना एकांतात सांगावी.