टाकीत मासे किती? हिशेबातल्या या चुका टाळा

नवी टाकी लावून दोन-तीन आठवडे होतात, पाणी दुधट दिसायला लागतं, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. मग खाद्याला नाहीतर दुकानदाराला दोष दिला जातो. बहुतेकदा चूक माशांच्या संख्येत असते.

‘एक इंच मासा, एक गॅलन (पावणेचार लिटर) पाणी’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो. निऑन टेट्रासारख्या बारक्या माशांना तो चालून जातो, मोठ्यांना अजिबात नाही. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. ३ सेंमीचे दहा मासे आणि ३० सेंमीचा एक ऑस्कर या नियमाला सारखेच, पण त्या एकट्या ऑस्करचं वजन दहांच्या शंभरपटीच्या आसपास भरेल! शिवाय लांबी पूर्ण वाढलेल्या माशाची धरायची. बोटाएवढा आणलेला साधा सकर फिश ३० सेंमीच्या पुढे जातो. ‘मासा टाकीएवढाच वाढतो’ यावर विश्वास ठेवू नका; तसा वाढ खुंटलेला मासा निरोगी नसतो.

पाणीही आपण जास्तच धरतो. ६०×३०×३० सेंमीची टाकी कागदावर ५४ लिटरची. तळाला ५ सेंमी खडी, वर ३ सेंमी मोकळी जागा, की उरले जेमतेम ४० लिटर. दगड, लाकूड घातलंत तर आणखी कमी. उंच, अरुंद टाकीत लिटर भरपूर दिसतात, पण ऑक्सिजन पृष्ठभागातून मिसळतो आणि तोच तिथे कमी.

सगळे मासे एकाच दिवशी सोडणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडेच मासे ठेवा आणि टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय नवे आणू नका.

मासे आत्ताच धापा टाकत असतील तर एअर पंप लावा, क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने पाव टाकी बदला, एक दिवस खाद्य बंद. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा.

आणि गप्पीच्या नर-माद्या एकत्र असतील तर वरचा सगळा हिशेब दोन-तीन महिन्यांत कोलमडतो. नुसते नर ठेवा.