सागाचं पान, दुधाचं खोकं: घरच्या घरी इंटाग्लिओ

पावसाळा सरत आला की ठाण्याजवळच्या येऊरच्या रस्त्यावर मान वर करून सागाची पानं बघा. हिरवा भाग अळ्यांनी फस्त केलेला असतो, उरते ती शिरांची तपकिरी जाळी. ठाणे-नवी मुंबईत निसर्गचित्र म्हटलं की सगळे फ्लेमिंगोंकडे धावतात. इंटाग्लिओला, म्हणजे प्लेटवर खाचा कोरून छापायच्या चित्राला, मात्र रेघ लागते, आणि हे पान म्हणजे नुसत्या रेघाच. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून पान उचलून आणू नका. जवळून काढलेला फोटो पुरतो.

लाकडी ठशात उंच भागाला शाई लागते. इथे उलट: शाई खाचेत भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद दाबून खाचेतली शाई ओढून घ्यायची. तांब्या-जस्ताची प्लेट आणि अ‍ॅसिड घरात नकोच. टेट्रापॅक झकास चालतो.

दुधाचं एक लिटरचं खोकं उलगडून धुवा, वाळवा, घडी नसलेला तुकडा कापा. कोपरे गोल करा, नाहीतर कागद तिथेच फाटतो. चंदेरी बाजू वर घ्या. फोटोची प्रिंट तिच्यावर ठेवून बॉलपेनने मुख्य शिरा उतरवा आणि कंपासपेटीतलं कर्कटक हातात घ्या. मधली शीर दोन-तीनदा कोरायची, फाटे एकदा, बारीक जाळीला जेमतेम ओरखडा. सगळं एकाच दाबाने कोरलं की पानाऐवजी मच्छरदाणी दिसते. माझी पहिली प्लेट अशीच वाया गेली. आता खरी गंमत. अळीने खायचे ठेवलेले हिरवे तुकडे असतात ना, त्यांच्या कडेने कटर हलकेच फिरवा आणि तेवढाच चंदेरी पापुद्रा सोलून काढा. खालचा पुठ्ठा शाई पितो आणि छापल्यावर जवळजवळ काळा उमटतो. चित्र उलटं छापलं जाणार. पानाला फरक पडत नाही, पण प्लेटवर नाव कोराल तर फसाल.

शाईला हात लावण्याआधी कागद भिजवा. जाडसर सुती कागद 10-15 मिनिटं पाण्यात ठेवा, मग दोन टॉवेलांमध्ये दाबा. गालाला लावल्यावर गार वाटला पाहिजे, पण पाण्याची चमक दिसता कामा नये. भिजवलेले जादा कागद पिशवीत घालून फ्रीजमध्ये टाका. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांना लगेच बुरशी धरते.

शाई तेलातली, एचिंगचीच (कोरलेल्या प्लेटवरून छापायची) घ्या. पाण्याने धुता येणारी तेली शाई मिळाली तर उत्तम. अ‍ॅक्रिलिक पुसेपर्यंतच वाळतं. पुठ्ठ्याच्या तुकड्याने चारही दिशांनी ती खाचांत भरा. पुसायला खळ दिलेलं विरळ सुती कापड लागतं. मऊ फडकं खाचेतली शाईसुद्धा उपसून आणतं. हलक्या हाताने गोल गोल पुसा, शेवटी वर्तमानपत्राचा तुकडा सपाट फिरवा. प्लेट लख्ख करू नका, किंचित राहिलेली शाई छान करडी छटा देते. भारतीय मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डींनी (1925–2018) पॅरिसच्या ‘अतेलिए 17’ या छपाई-स्टुडिओत सहकाऱ्यांसोबत शाईतल्या तेलाचं प्रमाण कमी-जास्त करून एकाच प्लेटवरून एका दाबात अनेक रंग छापण्याचं तंत्र विकसित केलं. पण त्या वाटेला एवढ्यात जाऊ नका. आधी काळा जमू द्या.

दाबासाठी हाताने फिरवायचं पास्ता मशीन मिळालं तर सोनंच. साधारण 15 सेंमी रुंदी असते, खोक्याचा तुकडा सहज जातो. खाली पातळ पुठ्ठा, त्यावर प्लेट, कागद आणि वर फेल्टचा तुकडा असा थर एकदाच, न थांबता फिरवा. मशीन नसेल तर पातळ कागद घ्या आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने इंच-इंच घासा. हात दुखतो, जाळी थोडी फिकी येते, पण येते. कागद एका कोपऱ्यातून सावकाश सोला.

पहिला प्रिंट फिकट आला म्हणून लगेच नव्याने कोरायला बसू नका. खाचा नीट भरायला एक-दोन प्रिंट जावे लागतात. पुढे दाबाने रेघा बसत जातात आणि सगळ्यात आधी ती बारीक जाळीच पुसट होते, म्हणून चांगले प्रिंट सुरुवातीलाच काढून घ्या. वाळायला दिवस लागतात, पावसात आणखी. प्लेट नळाखाली मात्र धरू नका, कोरड्या कापडाने पुसून ठेवा. कापलेल्या कडेतून पुठ्ठा पाणी ओढतो आणि फुगतो.