वहाळावर मोरी घालण्याआधी पावसाचा जोर कसा काढाल

कोकणातल्या वहाळावर मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाऊ देणारा छोटा पूल, घालायची असते आणि हातात असते ती तालुक्याच्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद, तीही वीसेक वर्षांची. तेवढ्यावर काम भागतं. पण आकडेमोडीआधी ती नोंदवही पान न् पान वाचा. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो, आणि जावा.

आधी तारखा समजून घ्या. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा त्या दिवसापुढे लिहितात. मुंबईतल्या सांताक्रूझचा 26 जुलै 2005 चा 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला 27 तारखेच्या सकाळी. त्यामुळे गावकरी सांगतात ती पुराची तारीख वहीत एक दिवस पुढे सापडली, तर कोणाचंच चुकलेलं नाही.

मग रिकाम्या जागा शोधा. शून्य वेगळं, आडवी रेघ वेगळी. संगणकात उतरवताना रेघेचं शून्य होतं, आणि रेघ बऱ्याचदा नेमकी त्या दिवशी असते ज्या दिवशी पाण्यामुळे मापकापर्यंत कोणाला पोचताच आलं नाही. शेजारच्या केंद्रांवर त्या दिवशी धो धो पाऊस असेल, तर ते वर्ष कमाल पावसाच्या मालिकेत (दर वर्षाचा एक सर्वांत मोठा आकडा) धरू नका. रेघेनंतर एकदम मोठा आकडा आला, तर तो दोन दिवसांचा मिळून असू शकतो. बाटलीही विचारून घ्या: 200 चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकाखाली चार लिटरची बाटली असेल, तर ती 200 मिलिमीटरलाच भरते. वर्षामागून वर्ष कमाल आकडा दोनशेपाशीच अडकलेला दिसला की मला बाटली ओसंडल्याची शंका येते.

नोंद अपुरी पडली म्हणून शेजारचं केंद्र जोडाल, तर घाट मध्ये नाही ना, ते बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटर, आणि सुमारे 30 किलोमीटरवरच्या वाईला हजारसुद्धा नाही. सपाटीवरही भरवसा नको. सांताक्रूझला 944 पडला त्या दिवशी कुलाब्याला पाऊणशेही नव्हता.

आता प्रत्येक वर्षाचा एकच सर्वांत मोठा आकडा काढा. समजा त्यांची सरासरी 180 आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) 50 आलं. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी गुंबेलच्या पद्धतीत (कमाल आकड्यांवरून दुर्मीळ पावसाचा अंदाज बांधण्याची संख्याशास्त्रीय रीत) विचलनाला एका गुणकाने गुणून सरासरीत मिळवतात. 2.04 हा गुणक सर्रास वापरतात, पण तो अमर्याद लांबीच्या नोंदीसाठी आहे. वीसच वर्षं असतील तर 2.52 घ्या, म्हणजे 282 च्या जागी 306 येतात. त्यांना 1.13 ने गुणा, कारण पाऊस साडेआठ वाजले म्हणून थांबत नाही आणि मोठी झड दोन दिवसांच्या रकान्यांत विभागली जाते. झाले 346.

हा जोर नव्हे, दिवसाचा पाऊस आहे; जोर म्हणजे तासाला किती पडतो ते. याला 24 ने भागून ताशी 14 मिलिमीटर धरलेली मोरी पहिल्याच पावसाळ्यात रस्त्यासकट जाईल. पाणलोटाच्या टोकाचं पाणी मोरीपर्यंत यायला किती वेळ लागतो, ते नकाशावरून वहाळाची लांबी आणि उतार मोजून काढा, आणि तेवढ्याच वेळाचा पाऊस घ्या. पाऊण तास असेल, तर भारतीय हवामान विभागाच्या घनमुळाच्या सूत्राने (तासांतला वेळ भागिले 24, त्याचं घनमूळ, गुणिले दिवसाचा पाऊस) 346 पैकी 109 मिलिमीटर त्या पाऊण तासात येतात, म्हणजे ताशी 145.

या सूत्रावर डोळे मिटून विसंबू नका. सांताक्रूझच्या 944 ला ते लावलं तर एका तासाला 327 येतात, प्रत्यक्षात सर्वाधिक जोराच्या तासात सुमारे 190 पडला होता. म्हणून जवळच्या स्वयंलेखी (पाऊस पडता पडता आपोआप आलेख काढणाऱ्या) मापकाचे आलेख मिळवा. महसूल मंडळांतल्या स्वयंचलित केंद्रांची नोंद अजून थोड्याच वर्षांची आहे. तिच्यावरून 25 वर्षांचा पाऊस ठरवता येत नाही, पण दिवसाच्या पावसातला किती वाटा एका तासात येतो, हे तिच्यातून छान कळतं. दहा-बारा मोठे दिवस घेऊन तो वाटा स्वतः काढा.

शेवटी वहाळाकाठच्या जुन्या घरात जा. पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं, हे तिथल्या आजी बोट ठेवून दाखवतात. ती खूण पातळीयंत्राने मोजा, वहाळाचा छेद घ्या आणि त्यातून गेलेलं पाणी तुमच्या जोरावरून निघणाऱ्या पाण्याशी ताडून पाहा. तुमचं उत्तर त्याच्या निम्मं आलं, तर पुन्हा नोंदवहीतल्या रेघांपासून सुरुवात करा.