अमेरिकन फुटबॉलपटूची कारकीर्द वाचायची कशी?

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) मधला एखादा खेळाडू आवडला की बहुतेक जण आधी त्याचे टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण, मोजतात. माझं सांगणं आहे, ते सर्वांत शेवटी मोजा. आधी तो लीगमध्ये आला कसा आणि टिकला कसा, ते शोधा.

सुरुवात ड्राफ्टपासून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीपासून करा. दर वर्षी ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये कॉलेजची मुलं निवडतात. आपला खेळाडू कितव्या फेरीत गेला ते टिपून ठेवा. पहिल्या फेरीतल्या मुलावर संघाने बरंच काही पणाला लावलेलं असतं, म्हणून त्याचा एखादा वाईट हंगाम खपवून घेतात. सहाव्या-सातव्या फेरीतल्याला तेवढी उसंत मिळत नाही. पुढे दिग्गज ठरलेला टॉम ब्रेडी २००० साली सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर निवडला गेला, हे लक्षात ठेवूनच त्याची पहिली वर्षं वाचा.

ड्राफ्टमध्ये ज्यांना कुणीच घेतलं नाही, त्यांच्यापाशी जास्त वेळ थांबा. कर्ट वॉर्नर या क्वार्टरबॅकइतकं (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) मला कुणी शिकवलेलं नाही. १९९४ मध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. ग्रीन बे पॅकर्सने शिबिराला बोलावून परत पाठवलं. मग आयोवात एका सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला फळ्यांवर माल लावणं, त्यानंतर अरीना फुटबॉल, म्हणजे बंदिस्त सभागृहातला छोटा प्रकार. तिथलं मैदान ५० यार्डांचं, बचावपटू क्षणात अंगावर येतात, चेंडू झटकन सोडावाच लागतो. पुढे ॲमस्टरडॅमच्या संघाकडूनही तो खेळला. १९९९च्या हंगामाआधी सेंट लुईस रॅम्सचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा गेला आणि त्याच्या जागी वॉर्नर मैदानात उतरला. त्याच हंगामात तो एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, संघाने सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला. एनएफएलच्या आकडेवारीत मात्र त्याची १९९८च्या आधीची वर्षं कोरी आहेत. अशी कोरी वर्षं दिसली की पुढे सरकू नका, त्या काळातल्या बातम्या शोधा.

आता करार. बातमीत छापलेली मोठी रक्कम बाजूला ठेवा आणि त्यातले गॅरंटीड पैसे किती ते बघा. उरलेले पैसे खेळाडूला संघात ठेवलं तरच मिळतात. सायनिंग बोनस, म्हणजे करारावर सही केल्याबद्दलची रक्कम किती, तेही पाहा. तो खेळाडूच्या हातात लवकर पडतो, पण संघाच्या सॅलरी कॅपमध्ये (पगारावरच्या वार्षिक खर्चाची मर्यादा) जास्तीत जास्त पाच वर्षांवर वाटून धरला जातो. खेळाडूला मध्येच काढलं तर उरलेला हिस्साही कॅपवर येऊन बसतो, म्हणून मोठा बोनस हे खेळाडूचं खरं संरक्षण.

ऑगस्टअखेरची यादी चुकवू नका. तेव्हा संघ ५३ जणांवर येतो आणि शेकडो मुलांची नोकरी एका दिवसात जाते. काहींना प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये, म्हणजे संघासोबत सराव करणाऱ्या राखीव खेळाडूंमध्ये जागा मिळते. तुमचा खेळाडू तिथे असेल तर त्याला विसरू नका, पुष्कळांची वाट तिथूनच जाते.

दुखापतींची नोंद हंगामवार करा, म्हणजे आकडे अचानक का घसरले ते कळतं.

आणि तो ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे चढाईत पुढे उभा राहून विरोधकांना अडवणारा, असेल तर? त्याच्या नावावर टचडाउन जवळपास नसतातच. तो किती स्नॅप, म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव, खेळला ते मोजा. क्लीव्हलँड ब्राउन्सचा जो थॉमस सलग १०,३६३ स्नॅप खेळला. प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही, तरी २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला.